ऊन, टोपी आणि टोपीकर

मराठी भाषेत टोपीला जेवढे काम आहे तेवढे डोक्यालासुद्धा नाही. आपण एकमेकांना टोपी घालतो, प्रसंग पाहून ती फिरवतो, कुणी फार शहाणपणा करू लागला तर त्याची टोपी उडवतो, आणि महिनाअखेरीला ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर करून संसार चालवतो. पगडी म्हणावी तर मुंबईत ती डोक्यावर बसतच नाही. जागेच्या मालकाला रोख मोजून द्यावी लागते. एवढा शिरोभूषणांचा पसारा भाषेत मांडलेला असताना त्यात एक साधी गोष्ट मात्र सापडत नाही. टोपीने ऊन अडते, असे सांगणारा एकही वाक्प्रचार आपल्याकडे नाही.

नसायचे कारण उघड आहे. आपल्या टोप्यांनी ऊन अडतच नाही. गांधी टोपी घ्या. दिसायला स्वच्छ, खिशात मावणारी, घरी धुता येणारी, त्यागाची आणि सत्तेची दोन्ही कामे सारख्याच निष्ठेने करणारी. पण तिची सावली नाकापर्यंतसुद्धा पोहोचत नाही. काळी टोपी उन्हात तव्यासारखी तापते, आणि खालचे डोके आपोआप भाजले जाते. पुणेरी पगडीचा डौल मोठा, पण कपाळ उघडेच. फेट्याला आणि मुंडाशाला मात्र नावे ठेवता येणार नाहीत. आठ-नऊ मीटर कापडाचे थर आणि त्या थरांमध्ये कोंडलेली हवा, शिवाय मानेवर शेमला. टाळू सांभाळण्याच्या कामी फेट्यासारखा दुसरा पहारेकरी नाही. पण डोळ्यांवर आणि गालांवर सावली पाडायचे त्यालाही जमत नाही.

कारण सावली पाडायला काठ लागतो, आणि आपल्याकडे डोक्याबाहेर काठ आला तो पावसासाठी. कोकणात भातलावणीच्या वेळी बायका बांबूचे आणि पानांचे इरले डोक्यापाठीवर घेऊन वाकतात, ते पाऊस झेलायला. केरळातल्या शेतकऱ्याची तोप्पिकुडा म्हणजे नावाप्रमाणेच टोपी आणि छत्री यांचे लग्न. आसामात बांबू आणि पानांची जापी मात्र ऊन-पाऊस दोन्ही पाहते आणि पाहुण्याला मानाने दिलीही जाते. आपण मराठी माणसे पाहुण्याला शाल आणि नारळ देतो. त्यातला एकही भर दुपारी डोक्यावर धरून चालता येत नाही.

अशा ह्या मराठी माणसाने युरोपातून गलबतांवरून उतरलेली माणसे पाहिली तेव्हा त्यांच्यातले त्याला सर्वांत काय खुपले असेल? गोरा रंग नव्हे, तोफा नव्हेत, भाषा तर नव्हेच. त्याला खुपला तो टोपीचा काठ. पोर्तुगीज, इंग्रज, वलंदेज, फरांसिस अशी वेगवेगळी राष्ट्रे, त्यांचे वेगवेगळे राजे, आपापसांत हाडवैर. पण आपण त्या सगळ्यांना मिळून एकच नाव देऊन टाकले : टोपीकर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त ह्या टोपीकरांबद्दल सावध केले आहे. हे नुसते सावकार नव्हेत, त्यांच्यामागे राजे आहेत, यांना समुद्रकाठी पक्की जागा देऊ नये, असा त्या सांगण्याचा मथितार्थ. अमात्यांचे कुणी ऐकले नाही, हा पुढचा सगळा इतिहास आहे. पण मला त्यात भाषेचा धूर्तपणा दिसतो. माणसाला त्याच्या टोपीवरून ओळखावे, आणि टोपी घालायला आलेल्याला तर नक्कीच ओळखावे, हे मराठीला फार लवकर कळले होते.

दोन डोक्यांमधला खरा घोटाळा दरबारात होई. इंग्रजाचा रिवाज असा, की मान द्यायचा तर डोक्यावरची टोपी काढायची. आपला रिवाज अगदी उलटा. पायांतले काढायचे, डोक्यावरचे ठेवायचे. आपल्याकडे पगडी उतरली म्हणजे घरात मयत तरी झाले, नाही तर अब्रू तरी गेली. त्यामुळे साहेब अदबीने टोपी काढून बूट चढवून उभा, आणि आपले सरदार अदबीने जोडे काढून पगडी चढवून बसलेले. दोघेही आपापल्या मते अत्यंत सभ्य, आणि समोरचा अत्यंत रानटी. बूट काढायचे की नाही यावर पुढे साहेबांच्या राज्यात कितीतरी वाद झाले, हुकूम निघाले. टोपी आणि पादत्राण यांच्यामधला जो माणूस, त्याच्याकडे पाहायला मात्र कुणाला फुरसत झाली नाही.

आता गंमत अशी, की ज्या टोपीवरून आपण साहेबाचे नाव पाडले ती उन्हाची टोपी नव्हतीच. ती त्याच्या थंड, ढगाळ देशातली. कंपनीच्या जुन्या काळात साहेब तिच टोपी घेऊन इथे आला आणि उन्हासाठी त्याने दुसरी व्यवस्था केली : छत्री, ती धरायला एक माणूस, पालखी, ती वाहायला आणखी चार-सहा माणसे. म्हणजे सावलीत साहेब एक आणि उन्हात आपली माणसे सात. शिपायांना अर्थात पालखी नव्हती. त्यांनी आपल्या टोप्यांना पांढरे अभ्रे घातले आणि मानेवर कापड सोडले. ह्या मानेवरच्या कापडाला इंग्रजीत १८५७ च्या लढाईतल्या हेन्री हॅव्हलॉक या सेनापतीचे नाव मिळाले. हॅव्हलॉक त्याच वर्षी नोव्हेंबरात लखनौला वारला, तो आमांशाने. मान झाकली तरी पोट उघडेच राहते, हे तेव्हा लक्षात आले नसावे.

काहींनी टोपीभोवती सरळ पगडीच गुंडाळली. पगडीचा इंग्रजी उच्चार झाला ‘पगरी’. पुढे साहेबाच्या उन्हाळी टोपीभोवतीच्या कापडी पट्टीला तेच नाव पडले, आणि ते अजून आहे. ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांची एका बाजूने काठ वर दुमडलेली जी प्रसिद्ध हॅट आहे, तिच्याभोवती आजही ‘पगरी’ असते. तिला सात चुण्या. सहा त्यांच्या राज्यांच्या आणि एक बाकीच्या प्रदेशांची. आपली पगडी अशी परदेशात जाऊन सैन्यात नोकरीला लागली आहे, आणि आपल्याकडे तिला लग्नापुरते बोलावतात.

तर एकोणिसाव्या शतकात, आणि विशेषतः १८५७ नंतर, साहेबाच्या डोक्यावर जी टोपी पक्की बसली ती सोला टोपी. हिचे घराणे बंगालचे. तिथल्या दलदलीत शोला नावाची एक वनस्पती उगवते. तिच्या खोडातला गाभा पांढरा, मऊ, आणि इतका हलका की कोळी त्याचे जाळ्यांना तरंगे करतात. बंगाली कारागीर त्याच्या पातळ चकत्या काढून फुले करतात, देवीचा साज करतात, आणि लग्नात नवरदेवाच्या डोक्यावर जो निमुळता पांढरा टोपोर असतो तोही त्याचाच. म्हणजे जे मखर बंगाल्यात देवीला आणि नवरदेवाला, तेच साहेबाला. तिघांचाही थाट काही दिवसांचा आणि शेवट विसर्जनाचा, हे साहेबाला कुणी सांगितले नाही एवढेच.

शोल्याचा सोला झाला, आणि सोल्याचे इंग्रजाने ‘सोलर’ केले. उन्हाची टोपी म्हणजे सूर्याशी संबंध असणारच, असा त्याचा सरळ हिशेब. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात यूल आणि बर्नेल यांनी हा शब्द मुळात शोल्यावरून आला असल्याचे छापून सांगितले, पण उपयोग झाला नाही. इंग्रज शेवटपर्यंत ‘सोलर टोपी’च म्हणत राहिला. दलदलीतल्या गवताशी नाते सांगण्यापेक्षा सूर्याशी सांगितलेले कुणालाही बरे वाटते. आपल्याकडची किती राजघराणी असेच करतात.

टोपी म्हणून मात्र ती उत्तम होती, हे कबूल केले पाहिजे. गाभ्यात हवा भरलेली, त्यामुळे ऊन आत शिरत नाही. डोक्याभोवतीची पट्टी आणि टोपी यांच्यात फट, त्यामुळे वारा खेळतो. माथ्याला भोक, त्यातून गरम हवा निघून जाते. पुढे कपाळावर आणि मागे मानेवर उतरता काठ. वजन जवळजवळ नाहीच. दोष एकच. पावसात भिजली की तिचा लगदा होई. मे महिन्यात साम्राज्यासारखी ताठ असलेली ही टोपी जूनच्या पहिल्या आठवड्यात भिजलेल्या पावासारखी दिसे, म्हणून तिच्यावर मेणकापडाची खोळ घालायची. टोपीला टोपी घालण्याची कल्पना आपल्या डोक्यात कधी आली नसती.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर ती टोपीची गोष्ट राहिली असती. पण साहेबाला नुसती टोपी पुरेना; त्याला टोपीचे तत्त्वज्ञान हवे होते. ते असे निघाले : उष्ण देशातल्या सूर्यातून काही अदृश्य किरण निघतात, ते गोऱ्या माणसाची कवटी भेदून थेट मेंदूत शिरतात, आणि मग माणूस वेडा तरी होतो नाही तर मरतो. एक क्षणभर उघड्या डोक्याने अंगणात गेलात तरी धोका. सावलीत उभे असलात तरी धोका, कारण किरण छपरातून येतात. आकाशात ढग असले तरी धोका. काही सावध मंडळी दोन फेल्ट हॅटी एकात एक घालून फिरत. तिला ‘डबल तराई’ म्हणत. मेंदूतून निघणारा मज्जारज्जू पाठीतून जातो हे लक्षात आल्यावर सदऱ्याच्या आत पाठीच्या कण्यावर कापसाची गादी बांधायची टूम निघाली. चाळीस अंशांच्या उकाड्यात, उष्माघात होऊ नये म्हणून, माणूस पाठीला गादी बांधून फिरत असे. आणि मग त्याला खरोखरच उष्माघात झाला, की दोष किरणांचा.

मग साहजिकच प्रश्न आला, की त्याच उन्हात आयुष्यभर नांगर धरणाऱ्या हिंदी माणसाचे काय? त्याच्या मेंदूत किरण कसे शिरत नाहीत? याला उत्तर तयार होते. त्याची कवटी जाड असते. जॉर्ज ऑर्वेलने ब्रह्मदेशात पोलिसात नोकरी केली होती. त्याने १९४४ साली एका सदरात ह्या समजुतीचा समाचार घेतला आणि ही टोपी म्हणजे साम्राज्याचे बोधचिन्ह असल्याचे सांगितले. पातळ कवटीच्या लोकांनी राज्य करावे आणि जाड कवटीच्या लोकांनी उन्हात राबावे, ही निसर्गाचीच योजना. सरकार ती फक्त अमलात आणते! माणसामाणसांत भेद करायचा ठरला, की त्याला शास्त्र कुठूनही मिळते. आपण काही ह्याबाबतीत साहेबाला हसायला नको. कुणाची सावली कुणावर पडावी याचे नियम आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी करून ठेवलेले होते, आणि त्यांना तर टोपीही लागत नव्हती.

अमेरिकन मंडळी शास्त्राच्या बाबतीत कुणाला ऐकायची नाहीत. त्यांच्याकडच्या चार्ल्स वुड्रफ नावाच्या लष्करी डॉक्टराने १९०५ साली उष्ण कटिबंधातल्या प्रकाशाचे गोऱ्या माणसांवर होणारे परिणाम यावर ग्रंथ लिहिला. फिलिपाइन्समध्ये अमेरिकेचे सैन्य होते. फोटोच्या अंधारखोलीत तांबडा दिवा चालतो, तेव्हा तांबडे कापड घातक किरण अडवील, असा तर्क करून शेकडो शिपायांना नारिंगी-तांबड्या रंगाची आतली वस्त्रे वापरायला दिली. बाकीच्यांना पांढरी. महिनोन्‌महिने शिपायांची वजने, नाड्या, तापमाने यांची नोंद चालली. १९१० साली अहवाल छापून आला : फायदा काही नाही, उलट तांबड्या चड्ड्या जास्त गरम होतात. शास्त्राच्या इतिहासात एवढी प्रामाणिक हार फार थोड्यांनी लिहून दिली असेल. पण टोपीवरची श्रद्धा त्यानेही ढळली नाही.

विलायतेहून येणारी बोट पोर्ट सईदला लागली, की नवखे साहेब तिथल्या सायमन आर्झ्टच्या दुकानात जाऊन सोला टोपी खरेदी करत. सुएझच्या अलीकडे माणूस आणि पलीकडे साहेब, असा तो विधी. आपल्याकडे मुंजीत मुलाच्या डोक्यावरचे केस काढतात. त्यांच्याकडे टोपी चढवत. आणि नोकरी संपवून कायमचे परत निघाले, की तीच टोपी बोटीवरून समुद्रात भिरकावून द्यायची. शोला हलका, तेव्हा ती बुडत नसे. लाटांवर साहेबाशिवायच्या टोप्या डुलत राहत. तो देखावा पाहायला मला फार आवडले असते.

पण साहेब गेला तरी टोपी मागे उरली, ती आपल्या डोक्यांवर. पाटाचे ओव्हरसियर, रेल्वेचे पी.डब्ल्यू.आय., जंगल खात्याचे रेंजर, मोजणी खात्याची मंडळी, यांच्या घरी खुंटीवर ही टोपी असायचीच. आमच्या आजोबांचीही होती. आजोबा पाटबंधारे खात्यात. सायकल, खाकी अर्धी विजार, पायमोजे आणि सोला टोपी. लांबून पाटावर पांढरा ठिपका दिसला, की पाणी चोरणारे सावध होत. म्हणजे उन्हाइतकाच तिचा उपयोग पाण्याला होता. खाली आजोबा आहेत की दुसरा कुणी, हे पाहायच्या आधी लोक टोपीला रामराम करत.

आजीचे आणि त्या टोपीचे मात्र कधी जमले नाही. टोपी देवघराच्या भिंतीला नको, जेवणघरात नको, माजघरात तर नकोच. शेवटी पडवीत कंदिलाशेजारी तिची सोय झाली. देवळात जाताना खरी पंचाईत. फेटा असता तर तो डोक्यावर ठेवून आत जाता आले असते. चपला असत्या तर बाहेर काढता आल्या असत्या. हॅट घालून देवापुढे उभे राहावे तर देवाला साहेब वाटायचा, आणि काढून चपलांजवळ ठेवावी तर सरकारचा अपमान. आजोबा ती काखेत धरून नमस्कार करत. एका हाताचा नमस्कार देवाला पोहोचत नाही, असे आजीचे स्पष्ट मत होते. “त्यापेक्षा छत्री न्या की,” ती म्हणायची. “छत्रीला कुणी सलाम करत नाही,” आजोबा म्हणायचे. माझ्या मते सोला टोपीवर ह्याहून खरे वाक्य कुणी बोललेले नाही.

लग्नाकार्यात आजोबा रुमाल बांधत. म्हणजे डोके एक, पण त्याच्या दोन नोकऱ्या. त्या पिढीतल्या कितीतरी माणसांची डोकी अशी दोन पाळ्यांत काम करत होती.

हा पेच खुद्द गांधीजींनाही पडला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९२९ साली ‘यंग इंडिया’त त्यांनी सोला हॅटची चक्क तरफदारी केली. युरोपने आपल्याला दिलेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींत ती हॅट त्यांनी धरली. लोकांच्या मनात हॅटविषयी एवढा राग नसता, तर सोला हॅटचा प्रसार करणाऱ्या संघाचे अध्यक्षपद घ्यायलाही आपण तयार झालो असतो, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. कल्पना करा! ज्या माणसाच्या नावाची बिनकाठाची टोपी देशाने डोक्यावर घेतली, आणि ती घातली म्हणून लोकांनी मार खाल्ला, तो माणूस मनातून रुंद काठाच्या पक्षाचा होता. पण त्यांनी तो पक्ष काढला नाही. टोपी उन्हासाठी असते हे त्यांना पटलेले होते. लोकांच्या लेखी ती उन्हासाठी नसते, हेही त्यांना कळत होते. पुढारी म्हणजे दुसरी गोष्ट कळणारा माणूस.

हॅटचा आणखी एक उपयोग त्याच सुमारास कुणीतरी करून दाखवला होता. १९२८ च्या डिसेंबरात लाहोर स्टेशनावर पोलिसांचा कडक पहारा असताना एक साहेबी पोशाखातले जोडपे, कडेवरचे लहान मूल आणि सामान घेतलेला नोकर गाडीत बसले आणि निघून गेले. फेल्ट हॅट घातलेले ते साहेब म्हणजे भगतसिंग. ‘मेमसाहेब’ म्हणजे दुर्गाभाभी. आणि नोकर म्हणजे आपले खेडचे शिवराम हरी राजगुरू. पोलिस शोधत होते ते एका शीख तरुणाला. हॅटखाली पाहायची त्यांना छाती झाली नाही. शंभर वर्षे हॅटला सलाम करायला शिकवले, त्याची सरकारला ही फेड झाली. राजगुरूंच्या डोक्यावर काय होते हे कुणी पाहिलेच नसणार. नोकराच्या डोक्याकडे बघतो कोण? हॅटवाला दिसतो आणि सामानवाला दिसत नाही, ह्या जगाच्या अंधत्वावर त्या दिवशी तिघांचे प्राण वाचले.

सोला टोपीचे राज्य शेवटी उलथले ते मात्र कुणा क्रांतिकारकाने नव्हे. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात हजारो गोरे सैनिक उघड्या डोक्याने, काही तर उघड्या अंगाने, उन्हात वावरले आणि त्यांचे मेंदू होते तिथेच राहिले. ब्रह्मदेशातल्या चौदाव्या आर्मीने सोला टोपी सोडून फेल्टची मऊ, रुंद काठाची बुश हॅट चढवली. कवटीचे शास्त्र लढाईच्या धामधुमीत कुठे पडले ते कुणी शोधायलाही गेले नाही. टोपी गेली आणि पाठोपाठ पाच-सात वर्षांत साम्राज्यही गेले. दोन्ही एकाच कच्च्या मालाचे असावेत : बाहेरून ताठ, आतून पोकळ आणि वजनाला हलके.

आमच्या आजोबांच्या टोपीत पुढे मांजरीने बाळंतपण उरकले. आजीने तिला तिथून हुसकले नाही. टोपीचा पहिला चांगला उपयोग झाला, असे ती म्हणाली.

व्हिएतनामी माणसे ह्या बाबतीत आपल्यापेक्षा व्यवहारी निघाली. फ्रेंच साहेबाने तिथे नेलेली ह्याच घाटाची टोपी त्यांनी हिरवी करून आपल्या सैनिकांना घातली, आणि ती घालून साहेबाला हाकलले. अजूनही तिथे साध्या कामकऱ्याच्या डोक्यावर ती दिसते. टोपी वाईट नव्हती, तिच्याखालचा माणूस वाईट होता, एवढा विवेक त्यांनी केला. आपण साहेबाची रेल्वे ठेवली, कचेऱ्या ठेवल्या, त्यांतले लाल फडकेसुद्धा ठेवले. ऊन तेवढेच असताना सावली मात्र परत केली.

आता ह्या इतिहासाचा तुम्हांआम्हांला उपयोग काय? उपयोग असा, की मे महिन्यात रायगडाला, हंपीला नाहीतर माथेरानला जायचे ठरले की आपण हॅट घ्यायला बाजारात जातो, आणि तिथे हा सगळा इतिहास आपल्या मानगुटीवर बसतो. आमची खरेदी अशी चालते. मी एक चांगली रुंद काठाची हॅट डोक्यावर ठेवतो. मंडळी लांबून, डोके वाकडे करून पाहतात.

“अहो, नको ही. शिकाऱ्यासारखे दिसता.”

दुसरी घालतो. “ह्यात तुम्ही वाघ मारायला नाही, वाघाने मारून टाकल्यासारखे दिसता.”

तिसरी घातली की मुलगा म्हणतो, “बाबा, घोडा कुठे बांधलात?”

दुकानदार अनुभवी असतो. “साहेब, ही घ्या, खाली दोरी आहे, वाऱ्यानं उडायची नाही,” असे तो म्हणतो. ‘साहेब’ शब्द ऐकून आमच्यातले टोपीकर सुखावतात आणि शेवटी पुढे चोच असलेली क्रिकेटची टोपी घेऊन घरी येतात. कारण ती घालून माणूस कशासारखाच दिसत नाही. टोपीखालचे कान आणि मान अर्थात संध्याकाळपर्यंत गाजरासारखे होतात.

खरे म्हणजे टोपी निवडणे अगदी सोपे आहे. काठ चारी बाजूंनी चार बोटे रुंद हवा. ऑस्ट्रेलियातले कर्करोगाचे तज्ज्ञ साडेसात सेंटिमीटर सांगतात. आपली चार बोटे जवळजवळ तेवढीच भरतात, आणि ती मोजायला पट्टी न्यावी लागत नाही. विणकाम घट्ट हवे. टोपी उजेडासमोर धरून पाहावी. भोकांतून आपल्याला दुकानदार दिसला, तर सूर्यालाही आपण दिसणार. काठाची खालची बाजू गडद असली तर जमिनीवरचा चकाकाट डोळ्यांवर कमी येतो. डोक्याभोवती थोडी हवा खेळली पाहिजे. गडावर जायचे तर हनुवटीखाली दोरी हवीच. गडावरचा वारा कुणाचीही टोपी उडवतो, हे महाराष्ट्रात नव्याने सांगायला नको.

आणि एक न्याय साहेबाला दिला पाहिजे. अदृश्य किरण असतात, हे त्याचे म्हणणे खरे होते. जांभळ्याच्या पलीकडचे किरण योहान रिटरने १८०१ सालीच दाखवले होते. ते कातडी भाजतात, डोळ्यांत मोतीबिंदू आणायला हातभार लावतात, गोऱ्या कातडीला तर कर्करोगापर्यंत नेतात. फक्त ते कवटी भेदून मेंदूत जात नाहीत. साहेबाची असो वा आपली. उष्माघात किरणांनी होत नाही, तो साठत गेलेल्या उष्णतेने होतो. अंगाला सावली नाही, घशाला पाणी नाही, वाऱ्याचा पत्ता नाही आणि उठून जायची सोय नाही, अशा वेळी शरीर तापत तापत हातचे जाते. त्याला कवटीची जाडी विचारावी लागत नाही. २०२३ च्या १६ एप्रिलला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर एका सोहळ्यासाठी लाखो माणसे भर उन्हात बसली होती. त्यांतली १४ माणसे उष्माघाताने गेली. व्यासपीठावर मांडव होता.

म्हणून मला वाटते, जाड कवटीचा सिद्धांत अजून पुरता मेलेला नाही. फक्त तो आता कुणी ग्रंथात लिहीत नाही. आपण सहलीला जाताना दोन तासांच्या उन्हासाठी हॅट विकत घेतो. वाटेत घाटाच्या वळणावर रस्त्याचे काम चाललेले असते. खाली डांबर उकळत असते, वरून ऊन. तिथे पाट्या वाहणाऱ्या बाईच्या डोक्यावर चुंबळ असते आणि चुंबळीवर खडीची पाटी. तिच्या जन्मात तिच्या डोक्यावर आलेला सर्वांत रुंद काठ तो पाटीचाच. गाडी हळू होते, आपण काच वर करतो, आणि एक झेंडेवाला पोरगा कपाळावर फडके बांधून आपल्याला पुढे जायची खूण करतो.

ते आपले उन्हाला सरावलेले लोक, असे आपण म्हणतो. साहेबही अगदी हेच म्हणत असे.